जुना घाट, रुंद पंजा

म्हैसूरहून कबिनीच्या जंगलाकडे निघालेल्या पुण्या-मुंबईच्या तरुण मंडळींच्या पायांत आता जाळीचे, जाड तळाचे धावण्याचे बूट कमी दिसतात. त्यांची जागा पांढऱ्या चामड्याच्या टेनिस बुटांनी, घोट्यापर्यंत चढणाऱ्या कॅनव्हासच्या जोडांनी आणि मधाच्या रंगाचा रबरी तळ असलेल्या सडपातळ फुटबॉल बुटांनी घेतली आहे. दुकानात हे सगळे ‘रेट्रो स्नीकर’ म्हणून एकाच फळीवर मांडलेले असतात. त्यांतला नव्यातला नवा घाटही पस्तीस-चाळीस वर्षांचा आहे आणि सर्वांत जुना शंभरीपलीकडचा.

सहलीचा बेत साधारण ठरलेला. सकाळी म्हैसूरचा राजवाडा, मग हेग्गडदेवनकोटेवरून सरगूर, सरगूरजवळच्या टेकडीवर चिक्कदेवम्माचं देऊळ आणि संध्याकाळी कबिनीच्या पाण्याचा काठ. एवढ्या एका दिवसात बुटाची पुरती पारख होते. राजवाड्यात बूट बाहेर ठेवावे लागतात, देवळात ते काढायचेच असतात. सरगूरच्या बाजूला लाल माती आहे, ती पांढऱ्या कॅनव्हासमध्ये शिरली की सहज निघत नाही. जीपमध्ये तास न् तास पाय लोंबकळत राहतात आणि सुजतात. परदेशी मासिकांत या बुटांची परीक्षणं येतात, त्यांत दिवसातून सहा वेळा लेस सोडायची आणि बांधायची हा मुद्दा कधीच नसतो. आपल्याकडे तो पहिल्या तीनांत धरायला हवा. घोट्यापर्यंत आठ जोड्या भोकं असलेला बूट कितीही देखणा असला, तरी देवळांच्या गावी तो पायाला जाच होतो.

हे बूट घेताना आपण ‘दिसायला छान की घालायला छान’ असा तराजू धरतो. माझं म्हणणं असं की तराजू धरण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. जुन्या घाटाचा प्रत्येक बूट त्याच्या काळात कुठल्या तरी कामासाठी आरामशीरच होता. ते काम आपलं आहे का? आणि ज्या पायाचा साचा समोर ठेवून तो बेतला, तो पाय आपल्यासारखा आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की तराजूत टाकायला फार थोडं उरतं.

आधी काम पाहू. कापडी बुटाला रबराचा तळ लावायची सोय झाली ती व्हल्कनीकरणामुळे. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होतं आणि थंडीत तडकतं. गंधक घालून ते तापवलं की टिकाऊ आणि लवचीक होतं. चार्ल्स गुडइयरने याचं अमेरिकी पेटंट १८४४ मध्ये घेतलं. १९०८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कॉन्व्हर्स ही रबरी जोड्यांची कंपनी निघाली आणि १९१७ मध्ये तिने बास्केटबॉलसाठी ‘ऑल स्टार’ आणला. पुढे या बुटाची गावोगाव प्रात्यक्षिकं करणाऱ्या चक टेलर या खेळाडूचं नाव, १९३०च्या दशकात, घोट्यावरच्या ताऱ्याच्या गोल बिल्ल्यावर आलं. हा बूट आजही जवळजवळ तसाच बनतो. वर सुती कॅनव्हास, खाली रबराची सपाट लादी, दोन्हींच्या जोडावरून फिरवलेली रबराची पट्टी, आणि हे सगळं एकत्र भट्टीत भाजलेलं.

असा एखादा साधा कॅनव्हासचा बूट हातात घेऊन आत बोट घालून पाहावं. टाचेखाली अंगठ्याने दाबलं की पातळसा थर किंचित दबतो आणि लगेच कडक रबर लागतं. चवड्याखाली तर तेवढाही थर जाणवत नाही. तळ मात्र दोन बोटांनी सहज वाकतो, अगदी पिळलाही जातो. लाकडी मैदानावर तासभर उड्या मारायला हे पुरेसं होतं, कारण लाकूड स्वतः थोडं लवतं. आपल्या फुटपाथवरच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर आठ-दहा किलोमीटर चालायचं काम त्या बुटाला कुणी सांगितलंच नव्हतं. २०१३ मध्ये कॉन्व्हर्सनेच ‘चक ७०’ हा जाड कापडाचा आणि आत जास्त गादी असलेला अवतार काढला. दिसायला दोघांत फरक ओळखू येत नाही म्हणावा इतका थोडा, पायाला मात्र बराच.

आपला स्वतःचा रेट्रो बूटही याच जातीचा आहे. चेकोस्लोव्हाकियाची बाटा कंपनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला कोलकात्याजवळच्या कोन्नगरला आली आणि पुढे बाटानगर उभं राहिलं. १९३६ मध्ये तिने भारतातल्या शाळांच्या कवायतीसाठी कॅनव्हासचा टेनिस बूट बनवला. पी.टी.चे पांढरे बूट म्हणून महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांनी हाच घाट घातला. शुक्रवारी रात्री ते धुवायचे, ओले असतानाच खडूचा नाहीतर बाटलीतल्या पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा, आणि शनिवारी सकाळी कवायतीच्या मैदानावर पाय आपटले की भोवती पांढरी धूळ उडायची. ते बूट कुणी सुखाचे म्हणून घेतले नव्हते. पण आठवून पाहिलं तर त्यांनी फारसे पाय चावले नाहीत, कारण कापड मऊ होतं आणि पुढचा भाग बऱ्यापैकी रुंद होता. बाटाने अलीकडे हाच घाट वारसा म्हणून पुन्हा बाजारात आणला आहे, आणि कॅनव्हासच हवा असेल त्याने तो एकदा पायात घालून पाहावा असं मला मनापासून वाटतं.

दुसरी जात चामड्याच्या बुटांची. आदिदासचा सांबा १९५०च्या सुमाराचा. गोठलेल्या, निसरड्या मैदानावर फुटबॉल खेळताना पकड मिळावी म्हणून तो बेतला. चेंडूचा स्पर्श कळावा यासाठी तो पायाला चिकटून बसेल असा अरुंद ठेवला आणि तळ पातळ केला. आज ज्याला स्टॅन स्मिथ म्हणतात तो बूट १९६५च्या सुमारास रॉबेर आये या फ्रेंच टेनिसपटूसाठी तयार झाला. अमेरिकी खेळाडू स्मिथचं नाव त्याला सत्तरच्या दशकात चिकटलं. प्युमाचा सुएड १९६८चा. त्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये धावपटू टॉमी स्मिथ दोनशे मीटरचं सुवर्णपदक घ्यायला काळे मोजे घालून, बिनबुटाचा मंचावर गेला, काळा हातमोजा घातलेली मूठ त्याने वर उचलली, आणि प्युमाचा एक बूट त्याने शेजारी मंचावर ठेवलेला होता. बिनबुटाचे ते पाय काळ्या माणसाच्या गरिबीची आठवण होते. कुणाला तो बूट त्या मुठीसाठी घ्यावासा वाटला तर त्याला नुसती हौस म्हणू नये. माणूस वस्तू घेताना तिची गोष्टही घेतो, आणि ती घेण्यात काही उणं नाही.

चामड्याच्या यांतल्या बऱ्याच बुटांना वाटीसारखा तळ असतो. रबराची खोलगट वाटी, तिच्यात बूट बसवलेला, आणि कडेने शिवण. हा तळ वर्षानुवर्षं टिकतो, बाजूला झुकताना पाय आतल्या आत सरकू देत नाही. टेनिसमध्ये इकडून तिकडे पळायचं असतं, त्यासाठी हे उत्तम. पण तो जड असतो आणि चवड्यापाशी सहज वाकत नाही. सरळ रेषेत लांबवर चालताना पाय दर पावलाला चवड्यापाशी वाकतो, आणि तळ वाकला नाही की टाच बुटातून वर निघते. टाच सोलली जाते ती इथे. खरेदी करताना बुटाचं टोक आणि टाच धरून वाकवून पाहावं. बोटं जिथून सुरू होतात त्या जागी तो वाकायला हवा. मधोमध, कमानीपाशी वाकत असेल तर तो बूट परत फळीवर ठेवावा.

सत्तरच्या दशकाच्या मध्याला धावण्याच्या बुटांत ईव्हीए नावाचा हलका फेस आला आणि सगळं बदललं. त्यानंतर हवेच्या पिशव्या आल्या, टिंकर हॅटफील्ड या बूट-रचनाकाराने १९८७ मध्ये एअर मॅक्समध्ये ती पिशवी खिडकीतून दिसेल अशी ठेवली, १९८८ मध्ये न्यू बॅलन्सचा ५७४ आला. म्हणून रेट्रो बूट निवडताना त्याचं जन्मवर्ष विचारावं. पंचाहत्तरच्या आधीचा घाट असेल तर टाचेखाली फारशी गादी नसणार, नंतरच्या धावण्याच्या घाटांत ती असणार. बास्केटबॉलचे बूट या हिशेबात पूर्ण बसत नाहीत. १९८२चा एअर फोर्स वन गादीवाला असूनही वजनदार आहे, आणि १९८५चा पहिला एअर जॉर्डन दिसतो तितका मऊ नाही. पण दुकानात उभं राहून पहिला अंदाज बांधायला हे वर्ष बरंच उपयोगी पडतं.

आता पाय. या विषयातलं सगळ्यात कमी बोललं जाणारं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण रुंदीचं आहे, आणि त्यावरचं काही मोलाचं काम सरगूर ज्या राज्यात आहे त्या कर्नाटकातच झालं आहे. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजातले उदय भास्कर राव आणि बेंजामिन जोसेफ यांनी चार ते तेरा वर्षं वयाच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले. १९९२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बूट-चपला घालणाऱ्या मुलांत सपाट पावलं ८.६ टक्के निघाली आणि अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. बोटं बंद करणारे बूट घालणाऱ्यांत प्रमाण सर्वांत जास्त, उघड्या चपला-सँडलवाल्यांत त्याहून कमी. सपाट पाऊल म्हणजे रोग नव्हे, पुष्कळांना त्याचा आयुष्यभर काही त्रास होत नाही. पण वाढीच्या वयात पावलाची घडण पायात काय घातलं यावरही अवलंबून असू शकते, हे त्या ठशांनी सुचवलं.

पुढे २००९ मध्ये बेल्जियमच्या क्रिस्तियान दाउत आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या अनवाणी चालणाऱ्या माणसांची पावलं, इथल्याच बूट घालणाऱ्यांची आणि पाश्चात्त्यांची पावलं अशी एकमेकांशी ताडून पाहिली. अनवाणी पावलं पुढच्या बाजूला रुंद होती आणि चालताना त्यांच्या तळव्यावर भार जास्त सारखा पसरत होता. पाश्चात्त्य पावलं तुलनेने आखूड आणि निमुळती. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावलं त्रिमितीय यंत्राने मोजली आणि भारतीयांसाठी ‘भा’ या नावाने वेगळी मापपद्धती सुचवली. तिथेही हेच दिसलं की आपली पावलं युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा रुंद आहेत.

याचा दुकानातला अर्थ असा. सांबासारखा बूट ज्या साच्यावर बेतला तो साचा अरुंद. आपल्या गावाकडचा, लहानपणी अनवाणी किंवा चपलेत वाढलेला पाय त्यात शिरतो, पण करंगळी आणि अंगठ्याचं मूळ दोन्ही बाजूंनी आवळलं जातं. मग आपण काय करतो? एक नंबर मोठा घेतो. ब्रिटिश पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. एवढी लांबी वाढली की पंजाला किंचित जागा मिळते, पण पाय पुढेमागे सरकू लागतो, वाकायची जागा बोटांच्या पुढे जाते, उतारावर बोटं टोकाला आपटतात आणि नखं काळी पडतात. रुंदीचं दुखणं लांबीने बरं करायला गेलं की असं दुसरं दुखणं उभं राहतं. बुटांचं माप तपासणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा बल्ट आणि मेंझ या संशोधकांनी २०१८ मध्ये घेतला, त्यात ६३ ते ७२ टक्के लोक लांबीला किंवा रुंदीला न बसणारे जोड वापरताना आढळले. म्हणजे ही एकट्यादुकट्याची गोष्ट नाही.

त्यात आपल्या मराठी घरांत एक समज पक्का बसलेला आहे: नवीन जोड चावणारच, आठवडाभर सोसलं की बसतो. ही शिकवण कोल्हापुरीची आहे आणि कोल्हापुरीपुरती ती खरी आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांचं मिळून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांसारख्या वनस्पतींनी कमावलेलं तिचं चामडं पायाच्या घामाने, उष्णतेने, तेलाच्या हाताने हळूहळू पायाचा आकार घेतं. अंगठा जिथे टेकतो तिथे खळगा पडतो, तळवा जिथे घासतो तिथे चकाकी येते, आणि दोन महिन्यांनी ती चप्पल दुसऱ्याच्या पायाची राहत नाही.

स्नीकरला हा न्याय लागू नाही. वरचं चामडं खरं असेल तर रुंदीला थोडं सैलावतं, लांबीला मुळीच नाही. सुएड चामडं बरं सैलावतं. कॅनव्हास थोडं मऊ होतं, पण शिवणीपाशी हटत नाही. आणि आज बऱ्याच स्वस्त जोडांत चामड्यासारखं दिसणारं जे कृत्रिम आवरण असतं, ते पायाला जराही ऐकत नाही. पहिल्या दिवशी जिथे टोचलं तिथे वर्षभर टोचतं. शेवटी करंगळीवर कुरूप होतं आणि माणूस स्वतःच्या पायाला दोष देत बसतो. म्हणून दुकानात जो बूट चावतो तो घेऊ नये, मग तो कितीही मनात भरलेला असो. याबाबत मी तडजोड सुचवणार नाही.

खरेदीला संध्याकाळी जावं, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. रोज घालतो तेच मोजे न्यावेत. जमलं तर घरी कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची रेघ पेन्सिलीने काढून घ्यावी. दोन्ही पाय सारखे क्वचितच असतात आणि मोठ्या पायाचं माप धरायचं असतं. दुकानात पोचल्यावर, आतली गादी सुटी असेल तर ती बाहेर काढून जमिनीवर ठेवावी आणि तिच्यावर उभं राहावं. पाय गादीच्या कडेबाहेर दोन्ही बाजूंनी ओघळत असेल तर बूट घालून पाहायचीही गरज नाही. ही एक क्रिया दुकानदाराच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त सांगते. मग बूट चढवून लेस बांधावी, उभं राहावं, सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा आहे का ते दाबून पाहावं. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. त्यानंतर गालिचा सोडून फरशीवर पाच-दहा मिनिटं फिरावं, जिना असेल तर चढून-उतरून पाहावा. चढताना टाचेची आणि उतरताना बोटांची परीक्षा होते.

रुंद पायाच्या माणसाने रेट्रो बुटांचा नादच सोडावा असं मात्र नाही. न्यू बॅलन्ससारखी कंपनी काही घाट वेगवेगळ्या रुंदींत काढते. रुंद पायाच्या बायकांना पुरुषांच्या साच्यावरचा तोच घाट लहान नंबरात पुष्कळदा छान बसतो. लेस ओवण्यातही बरंच आपल्या हातात असतं. जिथे पाय आवळला जातो तिथल्या भोकांची जोडी मोकळी सोडली आणि लेस त्या जागी आडवी न नेता सरळ वर नेली की दाब एकदम उतरतो. टाच निघत असेल तर सर्वांत वरच्या दोन भोकांतून लेसचे छोटे फास करून त्यांतून दुसरी टोकं ओवावीत. टाच जागच्या जागी धरली जाते. वाटी-तळाच्या बुटात आतली गादी काढून जास्त चांगली घालता येते, पण तिने उंची वाढून वरचा भाग दाबत नाही ना, हे दुकानातच पाहायचं.

कॅल्गरी विद्यापीठाचे बेन्नो निग यांनी आयुष्यभर धावणाऱ्यांचे बूट तपासले. बुटाने पायाची चाल दुरुस्त करावी, ही जुनी समजूत त्यांनी २०१५ मध्ये सहकाऱ्यांसह लिहिलेल्या लेखात बाजूला ठेवली आणि सुचवलं की माणसाला जो बूट सुखाचा वाटतो तोच त्याच्या शरीराच्या स्वाभाविक चालीला साथ देतो, म्हणून त्या जाणिवेनेच निवड करावी. मला हे पटतं. पायाला जे कळतं ते जाहिरातीतल्या तंत्राच्या नावांना कळत नाही. सपाट तळाबद्दलही हेच. आयुष्यभर चपलेत चाललेल्या माणसाला सपाट कॅनव्हासचा बूट जड जात नाही. जो वर्षानुवर्षं उंच टाचेच्या, मऊ गादीच्या बुटात चालला त्याने एकदम सपाट बुटात दिवस काढला की पोटऱ्या आणि टाचेची शीर दुखू लागते. त्याने आधी तासभर, मग दोन तास अशी सवय करावी.

पण ही सगळी शिकवण ज्यांच्या तळव्यांना संवेदना आहे त्यांच्यासाठी. मधुमेह जुना झाला की पुष्कळांच्या पायांची जाणीव कमी होते, आणि आपल्या घरोघरी आता मधुमेह आहे. अशा माणसाला घट्ट बूटही छान वाटतो, कारण सैल बूट त्याला पायात असल्यासारखाच वाटत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या पायांवर काम करताना ओळखलं की त्या पायांची बोटं झडत नव्हती, वेदना न कळल्यामुळे तीच ती जागा रोज थोडी थोडी दबून जखमी होत होती. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या चपला करून तो दाब तळव्यावर पसरवला. मधुमेह असलेल्या आईवडिलांना वाढदिवसाला फॅशनचा बूट द्यायचा बेत असेल, तर नंबर त्यांना विचारून भागणार नाही. त्यांचा पाय स्वतः मोजावा, आणि नवीन बूट घालून अर्ध्या तासाने काढून तळव्यावर, बोटांच्या बाजूंवर कुठे लाल वळ उठले आहेत का ते डोळ्यांनी पाहावं. वळ दिसले तर बूट परत करावा आणि डॉक्टरांना दाखवावं.

एक धोका खास आपल्या हवेचा. ऐंशी-नव्वदच्या दशकातला अस्सल जुना जोड, न वापरलेला, खोक्यातला, म्हणून चढ्या भावाने विकला जातो. माझ्या रत्नागिरीच्या मावसभावाने असा एक जोड वर्षानुवर्षं कपाटात कापूर घालून जपला होता. बहिणीच्या लग्नात पहिल्यांदा घातला. मांडवात दहा पावलं चालतो न चालतो तोच मागे पिवळट चुरा पडू लागला, आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत दोन्ही टाचांखालचा थर पार गळून वरचं चामडं जमिनीला टेकलं. त्याने काही चूक केली नव्हती. त्या बुटांच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन होतं, आणि त्याच्या काही जाती हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातात. बूट वापरला नाही तरी तुटतात, उलट रोज वापरलेला बूट दबून दबून ओलावा बाहेर टाकतो म्हणून थोडा जास्त टिकतो असा अनुभव आहे. कोकणात, मुंबईत, किंवा पावसाळ्यात कबिनीच्या काठावर हे लवकर होतं. ईव्हीए असं भुगा होत नाही, ते दबतं आणि कडक होतं. भट्टीत भाजलेला रबरी तळ सर्वांत चिवट. म्हणून जुन्या घाटाचा बूट हवा असेल तर नव्याने बनलेला घ्यावा. जुनाच जोड हौसेने घेतला तर तो काचेच्या कपाटात ठेवायचा म्हणून घ्यावा.

मग दिसण्याला किती किंमत द्यायची? माझ्या मते भरपूर, फक्त रुंदीची चाळणी लावून झाल्यावर. जो बूट आवडतो तो माणूस पुसून ठेवतो, पावसात जपतो, लेस बदलतो. नावडता पण मऊ बूट कोपऱ्यात पडून राहतो. दिवसभर फळ्यासमोर उभं राहणाऱ्या शिक्षिकेने, दुकानात उभं राहणाऱ्या मुलाने नंतरच्या काळातल्या, फेसाच्या गादीच्या घाटांत मन रमवावं. तेही आता देखणे वाटू लागले आहेत. बसून काम करणाऱ्याला, संध्याकाळी दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्याला कॅनव्हास काय नि चामडं काय, दोन्ही चालतील. आणि शक्य असेल तर एकाच महाग जोडापेक्षा दोन मध्यम किमतीचे जोड घेऊन आलटून पालटून घालावेत. आपल्या घामाच्या हवेत बूट एका रात्रीत आतून सुकत नाही.

शेवटची नजर दुरुस्तीवर टाकावी. भाजलेल्या रबरी तळाची पट्टी वाकायच्या जागी तडकली की ती चिकटवता येते, पण जोड फार दिवस टिकत नाही. वाटी-तळाच्या बुटाची कडेची शिवण उसवली तर मात्र मोची ती पुन्हा घालू शकतो, अट एवढीच की ती शिवण खरी हवी. पुष्कळ स्वस्त जोडांत रबरावर नुसता टाक्यांचा उठाव साच्यातच पाडलेला असतो आणि आतून सगळं गोंदावर असतं. पैसे देण्याआधी कडेच्या खाचेत नख घालून टाका उचलून पाहावा. धागा नखाला लागला तर शिवण खरी, आणि असा बूट सरगूरच्या बाजारातला मोचीसुद्धा पुन्हा शिवून देईल.